पाणीपाळी आणि कोरडा आवाज

दीपमाला होवाळला फोन केला की नाव, गाव, पाहुणेरावळे असलं काही सांगत बसायचं नाही. सभासद नंबर सांगायचा. नंबर सांगितला की दोन श्वासांत उत्तर येतं, "मंगळवारी पहाटे चार ते दुपारी एक. तीन नंबरचा व्हॉल्व्ह." फोन बंद. खुशाली विचारायची असेल त्यानं घरी यावं, चहा मिळेल. ऑफिसच्या फोनवर मागे आणखी चौघं ताटकळलेले असतात.

पलूसपासून थोड्या अंतरावर एक उपसा सिंचन संस्था आहे. कृष्णेचं पाणी मोटारींनी वर चढवायचं आणि मोठ्या पाइपांतून साडेसहाशे सभासदांच्या उसाला आळीपाळीनं द्यायचं, हे तिचं काम. एकाची पाळी पुन्हा यायला अठरा-वीस दिवस लागतात. मधेच वीज जाते, मोटार जळते, पाइप फुटतो आणि पाळ्यांचं सगळं पत्रक पुढं सरकतं. म्हणून दिवसाला शंभर-सव्वाशे फोन, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "आमचं पाणी कवा?" हे फोन गेली एकोणीस वर्षं दीपमाला घेते. ती चव्वेचाळीस वर्षांची आहे, आणि वयाच्या नवव्या वर्षापासून तिला काहीही दिसत नाही.

लोक तिच्याबद्दल सांगायला लागले की शेवटचं वाक्य आधी सांगतात आणि मग तिथंच थांबतात. एकोणीस वर्षांच्या कामाला एवढ्याशा माहितीनं झाकून टाकायची ही सवय फार वाईट.

गोवरात डोळे गेले. आई चंद्राबाई त्या वेळी याच संस्थेच्या सभासदांच्या उसात भांगलणीला जायची. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला होता. चंद्राबाईनं रडण्यात एक महिना घालवला आणि दुसऱ्या महिन्यात पोरीला घेऊन मिरजेच्या अंधशाळेची पायरी चढली. तिथं दीपमाला ब्रेल शिकली, पुढं सांगलीच्या कॉलेजात मैत्रिणींकडून धडे कॅसेटवर भरून घेऊन बी.ए. झाली, आणि पंचविसाव्या वर्षी या संस्थेत फोनवर लागली. लागली त्या दिवशी तेव्हाचे मॅनेजर तिच्यादेखत शिपायाला म्हणाले होते, "हिला बसवायची कुठं?" जणू कपाट आलं होतं. दीपमालानं त्याच दिवशी मनाशी एक नियम केला. या ऑफिसात कुणालाही "जरा बघून सांगा हो, काय लिहिलंय" असं म्हणायचं नाही. कधीच नाही. क्लार्क संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पाटकऱ्यांना पत्रक मोठ्यानं वाचून दाखवायचा, ती ते ब्रेलमध्ये टोचून घ्यायची, आणि सकाळी बोटांनी वाचून फोनला उत्तरं द्यायची.

पुढं पत्रक कॉम्प्युटरवर गेलं. तेव्हा तिचा अंधशाळेतला वर्गमित्र कपिल साताऱ्याहून एसटीनं आला. तो साताऱ्यात अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. खिशातून त्यानं पेन ड्राइव्ह काढला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यात होता. फुकट, आणि वापरणाऱ्या अंध लोकांनी स्वतः हात लावून सुधारत नेलेला. आवाज मात्र कोरडा ठणठणीत, पत्र्याच्या डब्यात कुणी बोलावं तसा.

"शी! हा काय आवाज?" दीपमाला म्हणाली.

"गोडव्याच्या मागं लागू नकोस," कपिल म्हणाला. "वेग वाढवून बघ. गोड आवाज पळवला की अक्षरं एकमेकांत कालवतात. हा कितीही पळव, खड्यासारखी सुटी राहतात."

खरंच तसं होतं. दर पंधरा दिवसांनी ती वेग थोडा वाढवत गेली. वर्षभरात तो आवाज इतका पळायला लागला की ऑफिसात दुसऱ्या कुणाला एक शब्द कळेना. शिपायांनी त्याचं नाव 'बेडकाचा रेडिओ' ठेवलं. दीपमालाला मात्र त्यातलं सगळं ऐकू यायचं. उजव्या कानात सभासद, डाव्या कानात बेडूक, आणि उत्तर दोन श्वासांत.

तिच्या स्वतःच्या मोबाइलचंही तेच. नवा मोबाइल घरी आला की पहिली संध्याकाळ साफसफाईत जायची. दुकानदारानं न विचारता भरून दिलेले खेळ, खरेदीची दुकानं, बातम्या सगळं ती काढून टाकायची. जे निघतच नाही ते बंद करून झोपवायची, आणि वाचणारा आवाज आपल्या पसंतीचा बसवायची. चंद्राबाई म्हणायची, "नव्या सुनंला बी कुनी यवढं तपासत न्हाई."

"सून बोलून दाखवते, आई. हे न बोलता घुसतं."

गेल्या जानेवारीत संस्थेत नवे कॉम्प्युटर आले. जुन्यांच्या मूळ प्रणालीला आता कंपनीकडून सुरक्षा मिळणार नव्हती, तेव्हा बदलणं भागच होतं. ते बसवायला सांगलीहून ऋषिराज आला. कॉम्प्युटर विकणारा आणि त्यांची देखभाल करणारा. वय तिशीच्या आतबाहेर, वागायला सभ्य. वाईट माणूस असता तर पुढचं सगळं फार सोपं झालं असतं.

जुना कॉम्प्युटर काढायच्या आधी त्यानं चालू करून पाहिला. बेडूक बोलायला लागला.

"अरे बापरे! ताई, हे बिघडलंय तुमचं. केवढं चिरचिरतंय!"

"बिघडलेलं नाही. बोलतंय."

"काय बोलतंय?"

"विचारतंय, हा कोण नवा माणूस मला न विचारता हात लावतोय."

शेजारच्या टेबलावरची समीक्षा फिस्सकन हसली. समीक्षा म्हणजे ऑफिसातली दुसरी क्लार्क. सभासदांचे अर्ज आणि पत्रकातले बदल कॉम्प्युटरवर भरणं तिच्याकडे होतं. ऋषिराजही हसला. मग फार आपुलकीनं म्हणाला, "ताई, आता या असल्या जुगाडाची गरजच नाही. नव्या मशिनमध्ये सगळं आतूनच येतं. वाचून दाखवणारी बाईसुद्धा कंपनीचीच. ऐका तरी, किती गोड आवाज आहे!"

आवाज खरंच गोड होता. लग्नात स्वागताला उभ्या असणाऱ्या मुलीसारखा.

"छान आहे," दीपमाला म्हणाली. "आता माझा टाकून द्या."

"ते नाही जमणार. बाहेरचं काहीही टाकायचं बंद ठेवलंय. पेन ड्राइव्हसुद्धा. ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे असतो, तसा करारच आहे. बाहेरचं टाकलं की वॉरंटीचा प्रश्न येतो."

संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब दारात उभे राहून नव्या मशिनींचं कौतुक पाहत होते. ते म्हणाले, "अगं दीपमाला, नवं हाय ते चांगलंच असनार की. वापरून तर बघ."

दीपमालानं महिनाभर वापरून बघितलं. त्या गोड बाईचं शिक्षण हिंदीत झालेलं होतं. आपला 'ळ' तिच्या गळ्यातून उतरेना. पाळीपत्रकाला ती पालीपत्रक म्हणायची. तेवढं दीपमालानं हसून सोडून दिलं असतं. पण संस्थेचं पत्रक होतं जुन्या प्रोग्रॅममधलं, आडव्या-उभ्या चौकटींचं. त्या चौकटी बाईला नीट वाचता येत नव्हत्या. कधी नाव वाचून वेळ गाळायची, कधी अख्खी ओळ 'रिकामी' म्हणून ओलांडून जायची. वेग वाढवला की सगळं दह्यासारखं घुसळायची. दोन श्वासांचं उत्तर दोन मिनिटांवर गेलं.

"ताई, डोळा लागला का काय?" लोक फोनवर विचारायला लागले. "लाईन कट झाली व्हय?" कुणी वैतागून फोन ठेवून सरळ मोटारसायकल मारत ऑफिसात यायचं आणि समीक्षाच्या टेबलावर वाकून तिच्या पडद्यात बघायचं. दीपमाला ते ऐकायची. लोकांची पावलं तिच्या टेबलावरून पुढं जात होती.

तिनं कपिलला फोन केला.

"मशीन कुणाचं?" कपिलनं विचारलं.

"संस्थेचं."

"मग तो पासवर्ड खिशात घालून सांगलीला कसा जातो? हे बघ, एक आडवाट आहे. मी सांगतो तसं केलंस तर त्याच्या कुलपाला बगल देता येईल."

"चोरून नको."

"चोरी कसली त्यात?"

"कपिल, उद्या काहीही बिघडलं, नुसती वायर सुटली, तरी आंधळीनं मशीन मोडलं म्हणतील. मला दारातून आत जायचंय."

तिनं रीतसर अर्ज केला. 'मला कामासाठी लागणारा वाचनाचा प्रोग्रॅम बसवण्यास परवानगी मिळावी.' अर्ज आवक-वहीत चढला, शिक्का बसला, आणि फाइलमध्ये जाऊन निजला. आप्पासाहेब भेटले की म्हणायचे, "बघू की, मीटिंगला घिऊ."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, दोनशे सतरा नंबरच्या नानासोंचा फोन आला. नानासो माळाकडचे शेतकरी. दोन एकर नवी लागण केलेली, मुरमाड रान, पाणी धरून न ठेवणारं.

"ताई, माझं ह्या टायमाला कवा?"

दीपमालानं ओळ काढली. गोड बाई म्हणाली, "दो सौ सत्रह. नानासो. रिकामी. रिकामी." पुन्हा काढली. पुन्हा रिकामी. फोनवर नानासो घसा खाकरत होते, मागं आणखी दोन फोन ताटकळल्याची टकटक येत होती. सहा फुटांवर समीक्षा बसली होती. "समीक्षा, दोनशे सतरा बघ," एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. एकोणीस वर्षांत न म्हटलेले ते चार शब्द त्या दिवशीही तोंडातून निघाले नाहीत.

नानासोंची पाळी कायम कृष्णात पाटलांच्या मागची. कृष्णातची गुरुवारी पहाटे, नानासोंची शुक्रवारी पहाटे. हे तिला पाठ होतं. ती म्हणाली, "शुक्रवारी पहाटे पाच."

त्याच आठवड्यात कृष्णातच्या घरी गुरुवारचा साखरपुडा होता. म्हणून त्यानं सोमवारीच ऑफिसात येऊन दोघांच्या पाळ्या अदलाबदल करून घेतल्या होत्या. "नानासोला मी सांगतो," असंही म्हणाला होता, आणि साखरपुड्याच्या गडबडीत विसरला. समीक्षानं बदल पत्रकात बरोबर भरलेला होता. गुरुवारी पहाटे पाटकऱ्यानं पत्रकाप्रमाणं नानासोंचा व्हॉल्व्ह उघडला. रानात कुणी नव्हतं. पाणी एका सरीत तुंबलं, बांध फोडून ओढ्याला गेलं. शुक्रवारी पहाटे नानासो खोरं घेऊन आले तर कृष्णात आधीच आपल्या उसाला पाण्याचं बारं देत उभा.

दहा वाजता नानासो ऑफिसात आले ते चिखलाच्या पायांनीच.

"कोन म्हनलं हुतं शुक्रवार? आँ? कोन म्हनलं हुतं?"

"मी म्हटलं होतं," दीपमाला म्हणाली.

नानासोंचा आवाज जरा खाली आला. बाईमाणसावर, त्यातून अशा, किती ओरडायचं हे त्यांना कळेना. तो उतरलेला आवाजच दीपमालाला जास्त लागला. "आवं ताई, कोंब वाळाय लागल्यात माझं. आनि आता वीस दिवस थांबू व्हय मी?"

आप्पासाहेबांनी नानासोंना आत नेऊन चहा पाजला. दुपारी दीपमालाला बोलावून ते फार हळुवारपणे म्हणाले, "काही दिवस फोन समीक्षा घिईल. तू निवांत बस. पगाराची काळजी करू नगं. तेवढी माणुसकी हाय आमच्यात."

पगार चालू आणि काम बंद, याला लोक नशीब म्हणतात. ज्यांनी म्हटलं त्यांनी दहा ते सहा मांडीवर हात ठेवून एक दिवस बसून दाखवावं. दीपमाला नऊ दिवस बसली. शेजारी समीक्षा फोनवर म्हणायची, "थांबा हं, शोधते... थांबा हं." माउसचं चाक घरघरायचं. दीपमालाची बोटं टेबलाखाली आपोआप हलायची. चौथ्या दिवशी समीक्षा म्हणाली, "ताई, तुमच्या पाया पडते, मला नकोत हे शंभर फोन. माझे अर्ज तुंबलेत सगळे."

"मला काय सांगतेस? आप्पासाहेबांना सांग."

"ते म्हणतात, दीपमालाला आता आराम द्यायचा."

आराम. म्हणजे पहिल्या दिवशीचा प्रश्न, हिला बसवायची कुठं, त्याचं उत्तर अखेर सापडलं होतं.

घरी चंद्राबाई भाकरी थापत होती. पंच्याहत्तरी ओलांडली तरी तिच्या हाताला विसावा नाही. ती म्हणाली, "मीटिंगला जा आनि सांग. मशिनीनं चुकवलं म्हन. खोटं हाय व्हय?"

"अर्धं खरं आहे."

"मंग अर्धंच सांग की."

"आई, मशीननं वाचलं नाही. पण शुक्रवार मशीन म्हणालं नाही, मी म्हणाले. समीक्षाला विचारायला मला लाज वाटली."

चंद्राबाईचा हात थांबला. मग तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला. "ज्यांच्या बांधावर बसून म्या भाकर खाल्ली, लांबनं वाडलेलं पानी प्याले, ते माझ्या लेकीला फोन करून पानी इचारत्यात. एकुनीस वरसं. ती खुर्ची जाऊ दिऊ नगंस, दीपा. काय बी सांग."

दीपमाला त्या रात्री जेवली नाही, असलं काही नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि कामाला लागली. समीक्षाकडून तिनं कराराची झेरॉक्स मागून आणली होती. मोबाइलचा कॅमेरा कागदावर धरून तिनं चारही पानं ऐकली, तीनदा. आणि 'काय बी' सांगायचं की जे झालं ते सांगायचं, याचा विचार करत बसली. पूर्ण दोष यंत्रावर टाकला तर खुर्ची नक्की परत मिळत होती. नानासोंनासुद्धा तेच ऐकायला सोपं गेलं असतं. पण मग पुढच्या वेळी बेडूक चुकला, तर? तेव्हाही यंत्रच म्हणायचं? जी बाई स्वतःची चूक स्वतःची म्हणत नाही, तिनं स्वतःचं यंत्र स्वतःच्या हातात कशाला मागावं?

मार्चच्या मीटिंगला संचालक जमले. तक्रारदार म्हणून नानासो, देखभालीचा माणूस म्हणून ऋषिराज, आणि टिपणं घ्यायला समीक्षा. दीपमाला काठी टेकत आत आली आणि रिकामी खुर्ची हातानं चाचपून बसली.

"आप्पासाहेब, आधी नानासोंच्या तक्रारीचं. त्या दिवशी मशीननं ओळ रिकामी वाचली. मी शेजारी समीक्षाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. पाठ होतं ते सांगितलं. चूक माझी आहे."

नानासो खुर्चीत पुढं सरकले.

"म्हंजे मशीन चुकलं का तुमी?" नानासोंनी विचारलं.

"मशीन गप्प बसलं. बोलले मी."

एक संचालक पुटपुटले, "मंग इषयच मिटला की."

"मिटला नाही. चूक माझी म्हणून मी लिहून देते. आता मी ती पुन्हा का करू नये, त्याचं बोलू. मला वाचता येईल असं यंत्र द्या आणि मग माझ्याकडून हिशेब घ्या. डोळसाला अंधारात बसवून पत्रक वाचायला लावलं तर तो किती पाळ्या बरोबर सांगेल?" ती ऋषिराजच्या आवाजाच्या दिशेला वळली. "ऋषिराज, बाहेरचा प्रोग्रॅम टाकला की वॉरंटी जाते, हे करारात कुठं आहे?"

"असतं ताई ते... साधारण सगळीकडे असतं."

"या करारात नाही. मी तीनदा ऐकलाय. वॉरंटी यंत्राच्या भागांची आहे. पासवर्ड तुमच्याकडे राहील असंही कुठं लिहिलेलं नाही."

ऋषिराज खुर्चीत हलला. "ताई, मी मुद्दाम नाही करत. मागं एका संस्थेत कुणीतरी काहीतरी डाउनलोड केलं आणि सगळी यादी उडाली. शिव्या मला पडल्या. तेव्हापासून मी सगळीकडे कुलूप लावतो. कंपनीनं जे दिलंय तेवढंच ठेवलं की मला झोप लागते."

"तुमची भीती खरी आहे," दीपमाला म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. "पण तुम्हाला झोप लागावी म्हणून माझं काम का जावं? आणि हे यंत्र संस्थेनं घेतलंय. त्यात काय ठेवायचं, काय काढायचं, हे संस्थेला ठरवता येत नसेल, तर घेतलं म्हणजे काय केलं?"

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "पर दीपमाला, आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

तेव्हा नानासो बोलले. दीपमालाच्या बाजूनं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण ही गोष्ट त्यांना ओळखीची वाटली होती. "आप्पासाहेब, न कळायला काय झालं? उद्या मोटार इकनारा स्टार्टरच्या पेटीला कुलूप घालून चावी सांगलीला घिऊन गेला, तर चालंल व्हय तुमाला? पानी द्यायचं म्हनलं की त्याला फोन लावायचा? आरं गड्या," हे ऋषिराजला, "तू मशीन इकलंस का भाड्यानं दिलंस?"

संचालक हसले. ऋषिराजही ओशाळून हसला. आप्पासाहेब हसले नाहीत, विचारात पडले. मग म्हणाले, "टाक तिला पायजे ते. आत्ता, हितंच, समद्यांम्होरं. बघू."

कॉम्प्युटर मीटिंगच्या टेबलावर आणला. ऋषिराजनं पासवर्ड घातला. प्रोग्रॅम कुठून घ्यायचा ते दीपमालानं सांगितलं, आणि खोट्या वेबसाइटवरून नको, बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच, हेही बजावलं. दहा मिनिटं लागली. मग बेडूक बोलायला लागला आणि दोन संचालकांनी कानांवर हात ठेवले.

"ह्यो काय म्हनतुया?" नानासो म्हणाले.

"थांबा." दीपमालानं कानाला हेडफोन लावला, वेग चढवला. बोटं कळांवरून सरकायला लागली. तिनं दोनशे सतराची ओळ ऐकली, मग वरची, मग खालची, मग या आठवड्याचं अख्खं पत्रक, शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यासकट. त्या रकान्यापर्यंत पडदा सरकवायचे कष्ट कुणी घेत नसे. चार-पाच मिनिटांनी तिनं हेडफोन काढला.

"चारशे दोन नंबरचे धनाजी. त्यांचा ऊस तुटून गेला, या फेरीला पाणी नको असं त्यांनी कळवलंय. शेऱ्यात आहे. पण पत्रकात त्यांचे तास तसेच धरलेत. शनिवारी दुपारी एक ते सहा. नानासोंच्याच लाइनवर. बोर्डानं ठरवलं तर ते तास नानासोंना देता येतील."

"शनवारी? ह्या शनवारी?" नानासो उठून उभेच राहिले.

"थांबा, अजून नाही." दीपमालानं मान वळवली. "समीक्षा, पडद्यावर बघ आणि सांग. चारशे दोन, शेरा काय आहे?"

समीक्षा वाकून वाचत म्हणाली, "ऊस गेला. पाणी नको. धनाजी. बरोबर आहे, ताई."

"दिऊन टाक नानासोला," आप्पासाहेब म्हणाले.

"मग शनिवारी दुपारी एक. खोरं घेऊन या."

नानासो बसले. "पाच तासांत समदं भिजनार न्हाई," ते म्हणाले. "वाळल्यालं कोंब बी परत येत न्हाईत." मग म्हणाले, "पर निम्मं तर वाचंल."

गेलेल्या निम्म्याचं ओझं दीपमालाकडे राहिलं. तिनं ते कुणाला वाटून दिलं नाही.

बोर्डानं महिनाभराची परवानगी दिली, प्रयोग म्हणून. काही बिघडलं तर जबाबदारी दीपमालाची, असा कागद तिच्यापुढं आला. तो वाचून दाखवायला लावून तिनं सही केली, आणि रोज संध्याकाळी पत्रकाची एक प्रत वेगळी काढून ठेवायची, हे कलम स्वतःहून त्यात घातलं. ऋषिराजला त्यानं बरं वाटलं. आप्पासाहेब म्हणाले, "आता त्यो पासवर्ड तूच ठेव." त्याला मात्र ती नाही म्हणाली. एकट्या माणसाच्या खिशात नको, मग तो खिसा तिचा का असेना. एक प्रत पाकिटात घालून संस्थेच्या कपाटात गेली, आणि एक ब्रेलमध्ये तिच्या ड्रॉवरमध्ये. समीक्षानं विचारलं, "ताई, माझ्या मशीनमधली कंपनीची बाई राहू दे? मला ती कधीमधी अर्ज वाचून दाखवते." दीपमाला म्हणाली, "तुला चालत असेल तर खुशाल राहू दे की. मला काय विचारतेस?"

एप्रिलमध्ये महिना संपला. फोन दोन श्वासांवर परत आले होते, तक्रार एकही नव्हती, आणि परवानगीची मुदत संपल्याचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं. समीक्षा म्हणाली, "गप्प बसा ताई, चाललंय ते चालू द्या." दीपमालानं त्याच दिवशी लेखी पत्र देऊन विषय मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावला.

"अगं चाललंय की समदं," आप्पासाहेब वैतागले. "परत कशाला उकरतीस?"

"चाललंय म्हणूनच. तुमच्या विसरण्यावर चाललंय ते. उद्या नवे चेअरमन येतील, ऋषिराजच्या जागी दुसरा येईल, त्याला आठवेल आणि तो काढून टाकेल. मला ठराव पाहिजे."

"ठराव काय म्हनून करायचा?"

तिनं मसुदा टाइप करूनच आणला होता. संस्थेच्या कोणत्याही यंत्रावर काम करणाऱ्यानं आपल्या कामाला लागणारं साधन, योग्य ती तपासणी करून, बसवावं आणि नको असलेलं बंद करावं. त्याचा अधिकार संस्थेचा राहील, विकणाऱ्याचा नाही. आप्पासाहेबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. 'कोणत्याही यंत्रावर काम करणाऱ्यानं' या शब्दांवर बोट ठेवून ते म्हणाले, "तुझं नाव कुठं हाय ह्यात?"

"नाही घातलं," दीपमाला म्हणाली. "आणि घालू नका."